पट आणि निकाल : हैदराबादच्या मधल्या शाळेकडे पाहताना

शाळेत पाऊल टाकले की दोन फलक दिसतात. एक बाहेरच्या भिंतीवर, रंगवलेला, त्यावर गेल्या काही वर्षांच्या निकालाची टक्केवारी. दुसरा मुख्याध्यापकांच्या खोलीत, खुर्चीच्या मागे, खडूने भरलेला : इयत्तेवार पट, मुलगे किती, मुली किती, अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्य, आज हजर किती. पहिला फलक सर्व जण वाचतात. दुसरा तपासणीला आलेले अधिकारी वाचतात. दोन्ही फलक एकाच वेळी, एकाच्या प्रकाशात दुसरा, असे वाचणारा माणूस मला क्वचित भेटला आहे. प्रस्तुत लेखात तसे वाचन कसे करावे आणि तसे न केल्यास काय निसटते, हे हैदराबादच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. साहित्याच्या माणसाने आकडेमोडीत का पडावे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर एवढेच की, या शहरात निकालाच्या आकड्यामागे बहुधा भाषेचा प्रश्न दडलेला असतो. आणि भाषा हा आपल्या अंगणातला विषय आहे.

'मधली शाळा' या शब्दापासूनच सुरुवात करू. सहावी ते आठवी हा टप्पा सरकारी परिभाषेत 'उच्च प्राथमिक' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडची जुनी माणसे मात्र अजून 'मिडल' म्हणतात. 'आजोबा मिडल पास होते' हे वाक्य मराठवाड्यात आणि हैदराबादेत अनेक घरांत ऐकू येते. निजामी राज्यातील शिक्षणखात्याची उतरंड तीन पायऱ्यांची होती : तहतानिया म्हणजे खालची, वस्तानिया म्हणजे मधली आणि फौकानिया म्हणजे वरची. या तीन पायऱ्यांमधल्या मधल्या पायरीवर मूल अडखळत असे, आणि अडखळण्याचे कारण पायरीच्या उंचीपेक्षा वेगळे होते. तहतानियात मातृभाषेला जागा होती. वस्तानियापासून उर्दू माध्यम सुरू होई. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला, आणि त्या विद्यापीठाकडे जाणारी वाट साहजिकच खालपासून उर्दूतून आखली गेली.

संस्थानच्या १९३१ च्या जनगणनेत सुमारे निम्म्या लोकांची मातृभाषा तेलुगू होती, चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक लोकांची मराठी, आठव्या हिश्श्याच्या आसपास लोकांची कन्नड, आणि दहातल्या एखाद्याची उर्दू. याचा अर्थ असा की, मधल्या शाळेच्या दारात उभ्या असलेल्या दहा मुलांपैकी नऊ मुलांना त्या दारातून आत शिरताना स्वतःची भाषा बाहेर ठेवावी लागत होती. प्रत्यक्षात दारापर्यंत पोहोचणारी मुले या प्रमाणात नव्हती हे खरे. शहरातली, नोकरदारांची आणि उर्दूच्या सहवासात वाढलेली मुलेच तेथे अधिक दिसत. पण हाही पटाचाच मुद्दा झाला. कोण शाळेत येते हे ठरवणारी पहिली चाळणी भाषेची होती, आणि कोण उत्तीर्ण होते हे ठरवणारी दुसरी चाळणीही भाषेचीच होती.

गणिताचे उदाहरण घ्या. तहतानियात मराठी मूल बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार शिकत असे. वस्तानियात त्याच चार क्रिया जमा, तफरीक, जर्ब आणि तकसीम होऊन समोर येत. त्रिकोणाचा मुसल्लस होई, कोनाचा जाविया, क्षेत्रफळाचा रकबा. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपली 'बेरीज' आणि 'वजाबाकी' हे शब्दही फारसी-अरबीच्या घरातूनच आलेले आहेत. 'तकसीम' जुन्या मोडी कागदांत वाटणीच्या अर्थाने भेटतो. आणि 'जर्ब' तर मराठीत 'जरब' म्हणून नांदतो. मूळ अर्थ आघात. तेव्हा मास्तरांची जरब अनुभवलेल्या मुलाला पुस्तकातली जर्ब म्हणजे गुणाकार, हे कळायला काही दिवस जात असतील. शब्द नात्यातले असूनही अर्थ परका, असा हा अनुभव होता. अशा मुलाला गणितात कमी गुण पडले, तर ते गुण गणिताचे समजायचे की उर्दूचे? निकालपत्रकात त्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

या अडचणीवर समाजाने स्वतःच्या पद्धतीने उत्तर शोधले. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी पाठशाळा उभी राहिली, ती याच शहरात, जांबागेत आजही आहे. १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक म्हणून उभे राहिले. केशवरावांच्या स्मरणार्थ १९४० साली नारायणगुड्यात केशव स्मारक शाळा सुरू झाली. या संस्थांच्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. राष्ट्रीय जागृतीच्या अंगाने तर फारच. विसाव्या दशकात खानगी शाळांना पूर्वपरवानगीची अट घालण्यात आली आणि अनेक लहान शाळा बंद पडल्या, हेही आपण वाचलेले असते. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, या शाळांना चांगले निकाल लागत, याचे श्रेय शिक्षकांच्या त्यागाबरोबर आणखी एका साध्या गोष्टीला होते : मुलाला समजणाऱ्या भाषेत शिकवले जाई. त्याचबरोबर या शाळांत येणारी मुले बहुतांशी शिकल्या-सवरल्या घरांतली होती, हेही विसरून चालणार नाही. आपल्या आवडत्या संस्थेचा निकाल वाचतानासुद्धा पटाचा फलक झाकून ठेवू नये.

आणि निकालाच्या आकड्यावर माणसाची कुवत तोलू नये, याला हैदराबादेतलेच उदाहरण आहे. नरहर कुरुंदकर आपले मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्या आश्रयाने येथे राहून सिटी कॉलेजात शिकत होते. इंटरच्या परीक्षेत त्यांना अपयश आले आणि औपचारिक शिक्षण बराच काळ थांबले. पुढे तेच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ते अपयश माध्यमामुळे आले असे मी म्हणत नाही, त्याची कारणे निराळी असू शकतात. पण त्या वर्षीच्या निकालपत्रकात ते नापासांच्या बेरजेतला एक आकडा होते, एवढे खरे.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि संस्थानचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. हैदराबाद शहरातले मराठी लोक मात्र जेथे होते तेथेच राहिले : काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, इसामिया बाजार, शालीबंडा. काल राज्यातल्या चौथ्या हिश्श्याचे असलेले हे लोक एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य ठरले. त्यांच्यासाठी, आणि देशभरच्या अशाच गटांसाठी, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम राज्यघटनेत आले. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते कलम सांगते. 'पुरेशा सोयी' कधी द्यायच्या याचा हिशेब मात्र त्याआधीच, १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत, ठरलेला होता : शाळेत एका भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असली, तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. माध्यमिक टप्प्यासाठी पुढे जो निकष ठरला, तो वरच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ मुलांचा.

हे दोन निकष शेजारी ठेवून पाहावेत. एकाचा जोर पहिल्या पाच वर्गांवर, दुसऱ्याचा शेवटच्या चार वर्गांवर. मधल्या शाळेचे पहिले वर्ष-दोन वर्षे माझ्या वाचनाप्रमाणे अधांतरी राहतात. आणि नेमक्या त्याच वयात मूल स्वतंत्र विषयांची ओझी उचलू लागते. विज्ञान, भूगोल, बीजगणित ही नावे त्याला तेथेच पहिल्यांदा भेटतात. निजामी काळात वस्तानिया हा भाषाबदलाचा टप्पा होता. स्वतंत्र भारतात कायद्याच्या वाक्यरचनेनेच तो पुन्हा भाषाबदलाचा टप्पा होऊन बसला, हे कोणी ठरवून केले असेल असे वाटत नाही. तरीही झाले.

या निकषांचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. चाळीस आणि दहा हे आकडे मोजायचे एका शाळेत. मराठी कुटुंबे काचीगुड्यात दाटीने राहत होती तोवर हा आकडा भरत असे. पुढची पिढी कुकटपल्लीला, दिलसुखनगरला, मलकाजगिरीला, शहर वाढेल तसतशी विखुरली. शहरातील मराठी माणसांची एकूण संख्या काहीही असो, एका शाळेच्या पटावर चाळीस नावे जमेनाशी झाली. सीमेवरच्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी गावे सलग आहेत, म्हणून तेथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा टिकल्या. तेलंगणाच्या दहावीच्या परीक्षेच्या माध्यमांत मराठीचे नाव आजही आहे ते मुख्यतः त्यांच्या बळावर. म्हणजे मुलाची भाषा एकच, राज्य एकच, कायदा एकच. तरी एक मूल स्वतःच्या भाषेत परीक्षा देते आणि दुसरे देत नाही. फरक वस्तीच्या दाटीचा आहे. पटाचा फलक निकालाच्या आधी बोलतो, तो असा.

आता आजच्या वर्गाकडे वळू. हैदराबादच्या एखाद्या सरकारी शाळेत सहावीच्या वर्गात कोण बसलेले असते? ऐपत असलेल्या, किंवा कर्ज काढून ऐपत निर्माण केलेल्या पालकांनी आपली मुले गल्लीतल्या खाजगी इंग्रजी शाळेत केव्हाच घातलेली असतात. उरलेल्यांतून चौथी झालेली हुशार मुले पाचवीच्या प्रवेशपरीक्षेला बसतात आणि निवडली गेली की निवासी गुरुकुलात जातात. गुरुकुलांची योजना चांगली आहे, त्यांतून गरीब घरांतली कितीतरी मुले वर आली आहेत. त्याविषयी वाद नाही. पण दुधावरची साय काढून घेतल्यावर खालच्या दुधाला पातळ म्हणण्यात अर्थ नसतो. गुरुकुलाचा निकाल आणि गल्लीतल्या सरकारी शाळेचा निकाल वर्तमानपत्रात शेजारी छापला जातो, तेव्हा या निवडीचा उल्लेख त्यात नसतो.

मग वर्गात जागा होते ती येणाऱ्यांसाठी. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, मुखेड, लातूरकडचे उदगीर या भागांतून बांधकामावर येणारी कुटुंबे हैदराबादला नवीन नाहीत. दसरा झाला, खरिपाचे काही हाती लागले किंवा नाही लागले, की माणसे गाडीत बसतात. त्यांच्याबरोबर ओडिशातून, बिहारमधून, रायलसीमेतून, खुद्द तेलंगणाच्या कोरड्या तालुक्यांतून आलेली कुटुंबे असतात. शिक्षणहक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या अधिनियमाने, अशा मुलांची सोय केलेली आहे : वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला नसला तरी अडवता येत नाही, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्डही दिले जाते. प्रवेशाचे दार उघडे आहे, हे निःसंशय. प्रश्न दाराच्या आतला आहे.

आत काय घडते ते पाहा. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत तेलुगू हा विषय सक्तीचा झाला, आणि त्याची सुरुवात पहिली व सहावी या दोन वर्गांपासून झाली. म्हणजे मधल्या शाळेच्या उंबऱ्यावरच. राज्याची भाषा राज्यात राहणाऱ्या मुलाने शिकावी, यात गैर काही नाही. मी स्वतः तेलुगू शिकण्याच्या बाजूचा आहे. त्यानंतर २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आले. बदल मुलांना झेपावा म्हणून द्विभाषिक पाठ्यपुस्तके छापली गेली : एका पानावर इंग्रजी, समोरच्या पानावर तोच मजकूर तेलुगूत. तेलुगू मुलासाठी ही कल्पना उत्तम आहे. एका पानावर अडले तर दुसऱ्या पानाचा हात धरता येतो. मुखेडहून आलेल्या मुलासाठी मात्र दोन्ही पाने सारखीच बंद आहेत. त्याला आधार म्हणून दिलेले पान हेच त्याचे दुसरे ओझे होते.

अशा वर्गाचा निकाल खाली आला की शिक्षकांना जाब विचारला जातो. जाब विचारू नये असे नाही. पण आधी आकडा काय सांगतो ते नीट पाहावे. नमुन्यादाखल एक काल्पनिक शाळा घेऊ. तिच्या आठवीत ६० मुले आहेत. त्यांपैकी ४० सहावीपासून त्याच शाळेत शिकलेली, २० गेल्या वर्षभरात बाहेरून आलेली. जुन्या ४० पैकी ३० उत्तीर्ण झाली, म्हणजे ७५ टक्के. नव्या २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. एकूण ६० पैकी ३८. निकाल ६३ टक्के. पुढच्या वर्षी पट तेवढाच, ६०. पण आता जुनी मुले २० आणि नवी ४०. शिक्षकांनी जीव तोडून मेहनत केली; जुन्यांपैकी १६ उत्तीर्ण झाली, म्हणजे ८० टक्के, आणि नव्यांपैकी २०, म्हणजे ५० टक्के. दोन्ही गटांची प्रगती झाली. एकूण मात्र ६० पैकी ३६. निकाल ६० टक्के. बाहेरच्या फलकावर शाळा तीन टक्क्यांनी घसरली.

ही काही हातचलाखी नाही. गटांचे प्रमाण बदलले की सरासरी स्वतःहून हलते, कोणी काही चांगले वा वाईट केलेले नसतानाही. संख्याशास्त्रात हे पहिल्या धड्यातले आहे. शाळांच्या बाबतीत ते आपण विसरतो, कारण निकाल हा शब्दच न्यायालयातला आहे आणि निकाल लागला की कोणी तरी दोषी ठरलेच पाहिजे असे आपल्याला वाटते.

याची उलट बाजू अधिक चिंतेची आहे. निकाल वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे पट बदलणे. नोव्हेंबरात आलेल्या मुलाला 'पुढच्या वर्षी या' म्हणणे, कच्च्या मुलाच्या बापाला दाखला काढून न्यायला सुचवणे, परीक्षेच्या यादीतून अनियमित मुलांची नावे गळणे. यातले काहीही कागदावर येत नाही. कागदावर फक्त टक्केवारी येते, आणि ती वाढलेली असते. ज्या व्यवस्थेत शाळेला निकालाने तोलले जाते आणि पटाची चौकशी होत नाही, त्या व्यवस्थेत सगळ्यात दुबळे मूल हे शाळेच्या दृष्टीने तोट्याचे मूल ठरते. खाजगी शाळा हे प्रवेशाच्या वेळी करतात. सरकारी शाळेला ते कायद्याने करता येत नाही, आणि म्हणूनच तिचा निकाल कमी दिसतो. मला हा तिचा गौरव वाटतो. फलकावर तो तसा दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

हा विचार नवा नाही. १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखालील सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळांच्या इमारती आणि साधनांतील फरकापेक्षा मुलांच्या घरच्या परिस्थितीतील फरक निकालांत अधिक उमटतो, असे तिच्यात आढळले. या निष्कर्षाचा तेव्हापासून एक सोयीस्कर अर्थ लावला जातो की, शाळेने काही होत नाही, सगळे घरावर. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही : शाळा चांगली की वाईट याने सुस्थितीतील मुलांना थोडा फरक पडतो, वंचित गटांतील मुलांना जास्त. ज्याच्या घरी पुस्तक आहे त्याला शाळा नसली तरी पुस्तक मिळते. ज्याच्या घरी नाही, त्याचे सगळे पुस्तक शाळेतच.

आपल्याकडे मोजमाप कसे होते? प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो; तेलंगणातील शाळांचा क्रमांक ३६ ने सुरू होतो, महाराष्ट्रातील २७ ने. त्या नोंदीत पट, शिक्षक, स्वच्छतागृहे, माध्यम, सामाजिक प्रवर्ग असे सर्व काही असते, आणि २०२२-२३ पासून एकेका मुलाची माहिती स्वतंत्रपणे भरली जाते. शिकण्याची पाहणी निराळी होते. नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण तिसरी, पाचवी, आठवी व दहावीचे होते. डिसेंबर २०२४ मध्ये 'परख'ने केलेले सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीचे. या बदलाने मधली शाळा दोन टोकांनी पकडली गेली खरी. पण सहावीच्या मुलाला डिसेंबरात तपासले तर तपासली जाते ती मुख्यतः त्याची प्राथमिक शाळा, आणि ती कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात असेल, दुसऱ्या राज्यात असेल, दुसऱ्या भाषेत असेल. 'असर'चे अहवाल आपण सर्व जण आवडीने उद्धृत करतो, परंतु ती पाहणी ग्रामीण भागाची आहे. हैदराबाद शहराविषयी तिच्यावरून काही बोलता येत नाही. आणि ही सर्वेक्षणे नमुन्याची असल्यामुळे आपल्या गल्लीतल्या शाळेबद्दल ती काही सांगत नाहीत. तेथे शेवटी पटाचे रजिस्टरच कामाला येते.

त्या रजिस्टरातले रकानेही वाटतात तितके स्थिर नसतात. प्रवर्गाचा रकाना पाहा. मुखेड तालुक्यातील एखाद्या तांड्यावरचे बंजारा कुटुंब महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडते. तेलंगणातले लंबाडा, म्हणजे भाषेने, वेशाने, लग्नसंबंधांनी त्यांचेच भाऊबंद, अनुसूचित जमातींत मोडतात. स्थलांतर केले म्हणून प्रवर्ग बदलत नाही, आणि परराज्याचे प्रमाणपत्र येथल्या सवलतींना चालत नाही. तेव्हा एकाच बाकावर बसलेल्या, घरी एकच गोरमाटी बोलणाऱ्या दोन मुलींपैकी एकीची नोंद एका रकान्यात आणि दुसरीची बहुधा कोठेच नीट नाही. मग 'अमुक प्रवर्गाची प्रगती समाधानकारक' असे वाक्य अहवालात येते, त्यात दुसऱ्या मुलीचे काय झाले ते शोधूनही सापडत नाही.

शिक्षकांविषयी थोडक्यात. उच्च प्राथमिक शाळेसाठी कायद्याच्या परिशिष्टात किमान तीन शिक्षकांची विभागणी आहे : विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा, ३५ मुलांमागे एक शिक्षक. 'भाषा' हा शब्द तेथे अनेकवचनी आहे आणि शिक्षक किमान एक. हैदराबादच्या वर्गात तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, ओडिया, गोरमाटी घरांतली मुले बसलेली असताना त्या एका शिक्षकाने काय करावे, हे परिशिष्टात कसे सांगणार? त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात 'शक्य तोवर मातृभाषेतून' असे शब्द आहेत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात मातृभाषेचे माध्यम शाळांवर लादता येणार नाही असा निर्णय दिला. लादू नये हे ठीकच. पण लादणे आणि आधार देणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

मराठी माध्यमाची शाळा प्रत्येक वस्तीत निघणार नाही. ते मागणेही मला व्यवहार्य वाटत नाही. चाळीस नावे जमत नाहीत तेथे हट्ट काय करायचा. पण सहावी ते आठवीच्या गणित, विज्ञान आणि भूगोल या विषयांत नव्याने येणाऱ्या पारिभाषिक शब्दांची मराठी, तेलुगू, इंग्रजी अशी त्रिभाषिक पुस्तिका करता येते. शब्द फार नाहीत. एका विषयाचे काहीशे निघतील. त्यासाठी इमारत लागत नाही, पदनिर्मिती लागत नाही. भाषेसाठी काम करणाऱ्या संस्थांनी, आपल्या वार्षिकांत निबंध छापणाऱ्या आपण सर्वांनी, हे काम शाळेवर न टाकता स्वतः करायला हवे. आदिलाबादच्या मराठी शाळांतील शिक्षक तेलुगू आणि मराठी दोन्ही जाणतात; या कामाला त्यांच्याहून योग्य माणसे नाहीत. विवेकवर्धिनी काढणाऱ्यांना जे पूर्ण शाळा बांधून करावे लागले, त्याचा एक लहान भाग आपण चाळीस पानांत करू शकतो.

त्याआधी एक गोष्ट मात्र शाळेच्या कार्यालयात व्हायला हवी. प्रवेशाच्या नोंदीत 'मातृभाषा' असा रकाना असतो. जून महिन्यात रांग लांब असते, लिपिक घाईत असतो. मुखेडचा मुलगा लिपिकाशी हिंदीत बोलतो, कारण हैदराबादेत अनोळखी माणसाशी दख्खनी हिंदीत बोलायचे हे तो बांधकामावर आठ दिवसांत शिकलेला असतो. लिपिक 'हिंदी' लिहितो. मुलाच्या वडिलांना कागद वाचता येत नाही, ते अंगठा देतात किंवा सही करतात. त्या एका शब्दाने तो मुलगा पुढची तीन वर्षे हिंदी भाषकांच्या गटात मोजला जातो. मराठी मुले शाळेत किती, याचे उत्तर शून्य येते, आणि शून्य मुलांसाठी पुस्तिका कोण मागणार? रकाना भरण्यापूर्वी लिपिकाने मुलाला एवढेच विचारावे : 'आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?'